मंगळवारची रेघ

शुभदाताई मंगळवारी दिवेलागणीपर्यंत तोंडात काही घालत नाहीत, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या मनगटावरच्या पट्टीच्या मात्र आलं होतं.

घरातल्यांचा तसा दोष नव्हता. साताऱ्याच्या फडतऱ्यांच्या घरात शुभदाताईंचे नेमच इतके, की संकष्टी कुठली आणि प्रदोष कुठला हे त्यांच्या यजमानांनी, उदयरावांनी, विचारणंच सोडून दिलं होतं. सकाळी सगळ्यांचे डबे भरून झाले की त्या देवापुढे बसत. मग त्यांनी काही खाल्लं की नाही हे बघायला घरात कुणी नसायचं. शिवाय हा मंगळवार त्यांनी कुणाला सांगितलाच नव्हता. काही नेम बोलायचे नसतात. बोलले की ते देवीचे आणि आपले राहत नाहीत, चारचौघांचे होतात.

विम्याचे एजंट लाटकर रविवारी दुपारी आले आणि चहा नको म्हणाले, तेव्हाच शुभदाताईंच्या मनात चर्र झालं. या घरातल्या सगळ्या पॉलिसी लाटकरांच्या हातच्या, आणि इथला चहा त्यांनी कधी नाकारला नव्हता.

"केतकी झोपलीय ना?" त्यांनी आधी विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "दावा अडकलाय. आणि वहिनी, राग मानू नका, तुमच्यामुळे अडकलाय."

केतकी म्हणजे शुभदाताईंची सून, त्यांच्या मुलाची, तन्मयची बायको. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची. गेल्या महिन्यात तिथलाच जिना चढताना कोसळली आणि मग सगळं कळत गेलं. लहानपणी तिला घशाचा ताप येऊन गेला होता. अशा तापात शरीराचे रक्षक जंतूंशी लढता लढता कधी कधी फसतात. जंतूच्या अंगावरची खूण आणि हृदयाच्या झडपेवरची खूण त्यांना सारखीच दिसते आणि ते झडपेवरही तुटून पडतात. ताप उतरतो, पोर खेळायला लागतं. झडप मात्र वर्षानुवर्षं जाड होत जाते, दार पुरतं उघडेनासं होतं आणि मागे फुफ्फुसात रक्त तुंबत राहतं. केतकीचं दार आता जेमतेम फटीएवढं उरलं होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्याच पेशी घेऊन प्रयोगशाळेत नवी झडप वाढवायला ठेवली होती. धातूची बसवली असती तर जन्मभर रक्त पातळ ठेवायची औषधं आली असती, आणि मूल होणं धोक्याचं. ही झडप तिची स्वतःची, तिच्याबरोबर जगणारी. ती तयार होत आली होती. फक्त विम्याशिवाय तिचा खर्च फडतऱ्यांना, राहतं घर विकूनही, झेपणारा नव्हता. आणि उशीर चालणार नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

"माझ्यामुळे कसा?" शुभदाताईंनी विचारलं.

"पूर्वज्ञान," लाटकर म्हणाले.

पूर्वी विमा कंपन्या आधीपासूनच्या आजाराचं कारण दाखवून पैसे नाकारायच्या. पुढे जनुकांची तपासणी साध्या रक्ततपासणीइतकी सोपी झाली आणि वेगळीच अडचण उभी राहिली. प्रत्येकाच्या जनुकांत कुठल्या ना कुठल्या आजाराची सुरुवात जन्मापासून सापडू लागली. आधीचं काहीच नाही असा माणूसच उरला नाही. शेवटी कायदा बदलला. आजार आधीपासूनचा असला तरी कंपनीनं पैसे द्यायचे, फक्त तो माहीत असून लपवलेला नसावा. लोकांना वाटलं, सुटलो. कंपन्यांनी मात्र आजार शोधायचं सोडलं आणि त्या माहिती शोधायला लागल्या. घरात कुणाला, कधी, कितपत ठाऊक होतं?

माणूस तोंडानं सांगत नाही ते त्याचं शरीर सांगून जातं. घरातल्या एखाद्याच्या दुखण्याची शंका आली की बाकीच्यांची झोप चाळवते, चालणं-फिरणं बदलतं. विमा घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर कंपनीची पट्टी असायचीच. ती त्वचेवर प्रकाश टाकून नाडी मोजायची, घामातली रसायनं वाचायची. या नोंदींतून माहिती हुडकणारा कंपन्यांचा परदेशी प्रोग्राम आपल्याकडे आला तेव्हा त्याला एक नवी खूण सापडली. पोटात अन्न गेलं नाही की यकृतातली साठवणीची साखर काही तासांत संपत येते. मग शरीर चरबी जाळू लागतं आणि कीटोन नावाचे पदार्थ रक्तात, घामात उतरतात. खराखुरा उपास पट्टीच्या रेघेवर टेकडीसारखा उमटतो. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाऊन केलेला उमटत नाही. उलट त्या दिवशी साखरच चढलेली दिसते, आणि कंपनीत म्हणे त्यावरून बरीच चेष्टा चालायची. पण एकाच वारी, न चुकता उमटणारी टेकडी दिसली, की ती जिथून सुरू झाली तिथं त्या घरात काहीतरी घडलेलं असतं, हे प्रोग्राम शिकला. बहुतेक वेळा कुणाचं तरी आजारपण.

"तुमची मंगळवारची रेघ साखरपुड्यानंतर सुरू झालीय," लाटकर म्हणाले. "केतकी पॉलिसीत आली लग्नानंतर. कंपनीचं म्हणणं असं, की मुलगी आजारी आहे हे सासूला आधीच ठाऊक होतं. म्हणून नवस बोलली, आणि मग गुपचूप तिला पॉलिसीत घातली."

उदयराव हसलेच. "अहो, ही निम्मं वर्ष उपाशी असते. त्यात नवीन काय?"

"ते सगळे जुने उपास पट्टीला पाठ आहेत हो. हा नवा आहे."

उदयरावांचं हसू ओसरलं. "कुठला गं मंगळवार?"

"आहे एक," शुभदाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या.

त्या पुढे काही बोलायच्या आत लाटकरांनी हात वर केला. मला सांगू नका, म्हणाले, मला कळलं की उद्या मलाही विचारतील, आणि माझ्याही हाताला पट्टी आहे. मग त्यांनी समजावून सांगितलं. गुरुवारी कंपनीच्या कचेरीत पडताळणी होती. शुभदाताई, केतकी आणि तन्मय, तिघांनी पट्ट्या घालून समोर बसायचं. वजन उतरवायला उपास धरला असं सांगायची सोय आता राहिली नव्हती. वजन उतरवणाऱ्या बाईची आठवडाभराची रेघ वेगळी असते.

"आणि घरात ठरवून येऊ नका," लाटकर म्हणाले. "तुम्ही बोलताना ते केतकीच्या नाडीकडे बघणार. ठरवून आलेल्यांना उत्तर ऐकून धक्का बसत नाही, सगळ्यांच्या रेघा सपाट. तिथंच पकडतात."

फाटकाशी चपला घालताना ते पुन्हा वळले आणि फक्त शुभदाताईंना ऐकू जाईल असं म्हणाले, "कशासाठीही धरलेला असू दे वहिनी. तिच्यासाठी नव्हता, एवढंच दिसलं पाहिजे."

तिच्यासाठीच होता.

साखरपुडा झाल्यावर सगळे औंधला यमाईच्या दर्शनाला गेले होते. गाडी वरपर्यंत जाते, पण शुभदाताईंचा नेम पायऱ्यांचा. तन्मय आणि उदयराव पुढे, मागे या दोघी. कातळावर मातीचा थर किती पातळ असतो, तरी त्यात गवत कसं तग धरतं, हे केतकी रंगून सांगत होती. सांगता सांगता तिचं वाक्य अर्ध्यात थांबलं. "सवय नाही हो आई," म्हणून ती हसली. हसताना तिचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे दिसले, आणि गळ्याशी एक शीर थडथडत होती.

शुभदाताईंनी काही विचारलं नाही. "माझे गुडघे दुखतायत गं, बसू या जरा," म्हणाल्या आणि तिचा हात धरून तिथंच वळणावर बसल्या. त्यांचे गुडघे ठणठणीत होते. वरून तन्मय ओरडला, आई, म्हातारी झालीस की तू. केतकीनं त्याला खालूनच दम दिला, तू आलास तर बघ, आम्ही दोघी इथंच राहणार. बोलताना तिचा श्वास हळूहळू जागेवर आला, ओठांवर रंग परतला.

वर देवीपुढे हात जोडल्यावर शुभदाताईंनी मनात एवढंच म्हटलं, हिला सांभाळ, मंगळवार माझा तुला. त्यांना काय माहीत होतं? झडप हा शब्दही नव्हता. ओठांचा एक रंग तेवढा पाहिला होता. तो सांगितला असता तर मुलीत काही खोट आहे का म्हणून दहा तोंडं बोलली असती, आणि तिच्या आईवडलांना खाली बघावं लागलं असतं. लग्नानंतर, एकदा डॉक्टरांना दाखवून ये गं, असं त्या अधूनमधून सुचवत. केतकी हसण्यावारी नेई. दिवसभर लॅबमध्ये उभी असते आई, दमणारच.

आणि आता खरं सांगितलं तर झडप मिळणार नव्हती. गप्प राहिलं तरी मिळणार नव्हती. खोटं बोलावं, तर ते देवीला दिलेल्या शब्दाबद्दल बोलायचं. आजवर त्यांनी सुनेला जपलं ते त्या शब्दाच्या आधारानं. तोच कचेरीत बसून खोटा केला, तर ऑपरेशनच्या टेबलावर तिच्या पाठीशी काय उरेल? डॉक्टरांवर त्यांचा विश्वास होता. देवीवरही होता. दोन्ही केतकीलाच हवं होतं, आणि दोन्ही एकदम मिळणार नाही असं दिसत होतं.

मंगळवार आला. शुभदाताईंनी नेहमीसारखा उपास केला. दुपारी केतकीच्या पायांखाली उशी देऊन त्या तिच्या घोट्यांवरची सूज हलक्या हातानं चोळत बसल्या. केतकीनं पाय ओढून घेतले. सुनेनं सासूकडून पाय चेपून घ्यायचे, कुणी बघितलं तर काय म्हणेल?

"कोण बघतंय इथं? पाय दे इकडे."

"पट्टी बघतेय," केतकी हसून म्हणाली. मग जरा वेळानं, "आई, कसला उपास आहे हो? मला सांगा ना. एवढं काय त्यात, गुरुवारी खरं ते सांगून मोकळ्या व्हा."

"गुरुवारीच सांगते."

"म्हणजे मलाही आधी नाही?"

"नाही."

केतकीनं गाल फुगवले आणि डोळे मिटून घेतले. तिला झोप लागली तरी शुभदाताई तशाच बसून राहिल्या. काय बोलायचं ते त्यांना त्याच वेळी सुचलं, आणि सुचलं तसे त्यांचे हात तिच्या पायांवर थांबले.

कंपनीची कचेरी पोवई नाक्याजवळ होती. पडताळणी अधिकारी बागवान मॅडम पन्नाशीच्या, आवाज शांत. समोरच्या काचेवर तीन रेघा पळत होत्या, तिघांच्या नाडीच्या. केतकीची मधली. ती मधूनच अडखळायची.

"रोजे मीही ठेवते," बागवान मॅडम म्हणाल्या, "तेव्हा उपासाला इथं कुणी हसणार नाही. कधी धरला हे आम्हाला दिसतं, कशासाठी ते दिसत नाही. तेवढ्यासाठी तुम्हाला बोलावलं."

शुभदाताईंनी मान हलवली. मनातल्या मनात नाम घ्यायची त्यांची सवय, पण आज त्यांनी ते जाणूनबुजून बाजूला ठेवलं. आता जे बोलायचं होतं त्याच्या शेजारी नाम नको.

"पहिल्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी तुम्ही मोठी चढण चढलात."

"औंधला गेलो होतो. देवीला."

"मधे बराच वेळ बसलात. का?"

"गुडघे दुखत होते."

बागवान मॅडमनी काचेवर बोट फिरवलं. "गुडघ्यांचा त्रास कुठं नोंदलेला नाही. त्याच्या आधी आणि नंतरही तुम्ही हीच चढण दर वेळी न थांबता चढला आहात. त्याच दिवशी काय झालं?"

शुभदाताईंची रेघ काचेवर उसळायला लागली होती. त्यांनी केतकीकडे बघायचं टाळलं.

"पुढं पाऊल उचलत नव्हतं," त्या म्हणाल्या. "देवीकडे काय मागायचं ते मनात येत होतं, आणि मागायला जीभ वळत नव्हती."

"काय मागितलंत?"

"ही मुलगी माझ्या घरात येऊ नये."

तन्मयची खुर्ची करकरली. काचेवरची मधली रेघ एकदम उंच गेली, तुटली, पुन्हा उंच गेली. केतकीनं टेबलाची कड धरली होती. शुभदाताईंना उठून तिच्या छातीवर हात ठेवावासा वाटला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

बागवान मॅडमनी केतकीपुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि तिची रेघ जरा खाली येईपर्यंत थांबल्या. मग विचारलं, "पण लग्न झालं. उपास थांबला नाही. गेल्या मंगळवारीही आहे."

"आली," शुभदाताई म्हणाल्या. "मग जावी म्हणून."

बागवान मॅडम काचेकडे बघत होत्या. सासूची धडधड, सुनेचा धक्का, मुलाचा संताप, सगळं जिथल्या तिथं होतं. प्रोग्रामनं खाली एक हिरवी खूण उमटवली. पूर्वज्ञान आढळत नाही. बागवान मॅडमनी मात्र लगेच संमती दिली नाही. त्या काही वेळ शुभदाताईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"माझ्या अम्मीला तिच्या सासूनं असंच म्हटलं असतं," त्या शेवटी म्हणाल्या, "तर मला ते लगेच खरं वाटलं असतं." आणि त्यांनी काचेवर बोट टेकवलं.

घरी पोचल्यावर केतकीनं आपली बॅग भरली. तन्मयनं तिला कराडला, तिच्या माहेरी सोडलं आणि परत येऊन आईच्या समोर उभा राहिला. त्याला खूप बोलायचं होतं. "पाय चेपत होतीस तिचे," एवढंच तो बोलू शकला आणि आत निघून गेला. उदयरावांनी दोन दिवसांनी, देवघराच्या उंबऱ्याशी, हलकेच विचारलं, "शुभा, खरं का ते?"

"तिथं सांगितलं ना," शुभदाताई म्हणाल्या. पट्टी उदयरावांच्याही हाताला होती. मंजूर झालेला दावा कंपनी वर्षभर पुन्हा उघडू शकत होती, आणि उदयरावांना गुपित सांभाळायची सवय नव्हती.

ऑपरेशनचा दिवस मंगळवार आला. डॉक्टरांना जो मोकळा होता तो. शुभदाताईंनी आदल्या दिवशी देवीपुढे बसून सगळं सांगून टाकलं. तुझ्या नावानं खोटं बोलले, त्याचं जे काही असेल ते माझ्यावर घाल, तिच्यावर घालू नकोस. उद्याचा एक उपास तेवढा खरा मान.

पुण्यात केतकीचे आईवडील त्यांच्याशी शब्दही बोलले नाहीत. केतकीला आत नेताना शुभदाताई लांब, खांबापाशी उभ्या होत्या. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि दार लागलं. तिची छाती उघडतील, हृदय थांबवतील, तिचं रक्त तेवढा वेळ यंत्र फिरवेल, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. शुभदाताई आतल्या आत नाम घेत होत्या.

दुपारी तन्मय त्यांना कॅन्टीनमध्ये घेऊन गेला. त्याचे डोळे सुजले होते. त्यानं एक थाळी आणली, पोळी, बटाट्याची भाजी, वरणभात, आणि ती आईसमोर ठेवली.

"आज मंगळवार आहे," तो म्हणाला.

"आहे."

"तिला आत घेतलंय, आई. आज तरी जेव."

त्याच्या आवाजात राग नव्हता. भीती होती. आई उपाशी राहिली तर बायको जाईल, अशी त्याच्या पोटातली भीती, लहानपणी अंधाराची असायची तशी. इंजिनिअर झालेला, नेमांना हसणारा मुलगा हात जोडल्यासारखा समोर बसला होता. शुभदाताईंनी थाळीकडे पाहिलं. जेवल्या असत्या तर देवीला दिलेला शेवटचा शब्दही गेला असता. नसत्या जेवल्या तर हा मुलगा तिथं बसून घटका घटका मोजत मेला असता, आणि प्रत्येक घटकेला त्याला वाटलं असतं, की आपली आई केतकीला मारते आहे.

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना. पाण्याच्या घोटाबरोबर तो खाली गेला. तन्मय बघत होता. त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. थाळी संपवली. त्या दिवशी मंगळवारच्या रेघेवर टेकडी उमटली नाही.

दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. झडप छान उघडते-मिटते आहे, म्हणाले. तन्मय भिंतीला टेकून रडला. शुभदाताई खांबापाशीच होत्या. देवी काय विचार करून कुणाचं काय मान्य करते, हे त्यांना त्या क्षणी अजिबात कळेना, आणि कळून घ्यावंसंही वाटलं नाही.

त्यानंतर त्यांनी मंगळवार धरला नाही. त्या नेमावर आपला हक्क राहिला नाही असं त्यांना वाटे. त्या दिवशी त्या सगळ्यांबरोबर दोन घास खात, आणि तन्मय ताटाकडे बघून खाली मान घालून जेवे.

केतकी बरेच दिवस कराडलाच होती. एकदा तिचा फोन आला. आवाजाला आता धाप नव्हती. तिनं तब्येत, औषधं, सगळं दोन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाली, "तुमच्या खोलीतल्या जुन्या फोटोत बघून सांगाल? औंधला आपण साखरपुड्याच्या किती नंतर गेलो होतो?"

"आठवत नाही गं," शुभदाताई म्हणाल्या.

फोनवर थोडा वेळ नुसता तिचा श्वास ऐकू आला. सरळ, लांब.

"मला आठवतंय," केतकी म्हणाली. "मी येऊ नये असं वाटत होतं, तर तुम्ही पसंतीलाच नाही म्हणाला असता. ठेवते."

ती परत आली तेव्हा नीट वागली. चहा करून देई, औषधांच्या वेळा सांगे, पण पूर्वीसारखी गळ्यात पडली नाही. शुभदाताईंनीही तिच्याकडे फार बघायचं टाळलं. घरात चौघांच्या हातांना चार पट्ट्या होत्या आणि वर्ष संपायचं होतं. मग एका सकाळी जेवणाच्या टेबलाशी केतकी म्हणाली, औंधला जाऊन येऊ या.

तन्मयला ते आवडलं नाही. तिथं आईनं काय मागितलं ते ऐकूनही तुला तिथंच जायचंय, असं त्यानं विचारलं.

"म्हणूनच," केतकी म्हणाली. "आणि गाडी वर न्यायची नाही. पायऱ्यांनी."

पायऱ्यांवर ऊन कोवळं होतं. उदयराव आणि तन्मय पुढे गेले, तन्मय दर थोड्या वेळानं मागे वळून बायकोकडे बघत. केतकी सावकाश पण न थांबता चढत होती. तिचे ओठ नुसते गुलाबी होते. शुभदाताई तिच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून होत्या. तिला एवढ्या पायऱ्या चढताना बघणं हेच त्यांना पुरेसं होतं. आणखी काही मागायला त्या आल्या नव्हत्या.

त्याच वळणावर केतकी थांबली. तिला धाप लागली नव्हती.

"आई," ती म्हणाली, "तुमचे गुडघे दुखत असतील. बसू या जरा."

"नाही गं, माझे गुडघे..." शुभदाताई बोलता बोलता गप्प झाल्या.

केतकी पायरीवर बसली होती. तिनं शेजारची जागा हातानं झाडली, पट्टीवाला हात. मग तोच हात वर धरला. तिनं काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. डोळे तेवढे भरून आले होते.

वरून तन्मय ओरडला, "काय झालं? कोण दमलं?"

"आईंचे गुडघे," केतकीनं वर न बघता सांगितलं. "तुम्ही व्हा पुढे."

"खरंच दुखतायत का गं आई?"

शुभदाताईंनी केतकीचा हात धरला आणि तिच्या शेजारी बसल्या.

"दुखतायत रे," त्या म्हणाल्या. "जा तू. आम्ही येतो."